आल्प्समधल्या जुन्या गावात परवडणारी घरं बांधायची, तर गावाचं रूप कसं राखायचं?

गावाचं रूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उतरतं छप्पर, लाकडी सज्जे, खिडक्यांची दारं येतात. आर्किटेक्ट म्हणून मी यांचा विचार शेवटी करेन. आधी जमीन कुणाच्या हातात आहे ते बघा.

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात सुमारे 1,450 मीटर उंचीवर व्रिन नावाचं गाव आहे. तिथे बांधकामाजोग्या मोकळ्या जागा गावानेच विकत घेतल्या, म्हणजे सट्टेबाजीला वावच उरला नाही. गियॉन कामिनाडा त्याच गावचे, आधी सुतार आणि मग आर्किटेक्ट. त्यांनी घरांबरोबर गोठे आणि खाटीकखानाही तितक्याच मन लावून बांधला. रोजगार नसेल तर स्वस्त घरात राहायला कोण थांबणार? 1998 साली गावाला वाकर पुरस्कार मिळाला, म्हणजे गावाचं रूप नीट जपल्याबद्दल दिला जाणारा स्विस पुरस्कार.

व्रिनमध्ये सरकारी गृहयोजना झाली असं नाही, पण शिकण्यासारखं बरंच आहे. विशेषतः भिंत. चौकोनी तासलेल्या तुळया आडव्या एकावर एक रचून कोपऱ्यात खाचांनी अडकवतात. तुळईची लांबी म्हणजेच खोलीची लांबी, त्यामुळे घराचं माप आपोआप गावाच्या मापात राहतं. मात्र लाकूड वाळतं तशी भिंत खाली बसते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडून ती फळीने झाकतात. तीन मजले चढवले तर ही घट प्रत्येक मजल्यागणिक वाढत जाते, आणि धुराडं किंवा दगडी जिना भिंतीत घट्ट बसवून चालत नाही. दोन बिऱ्हाडांमध्ये दुहेरी भिंत घाला, नाहीतर शेजारच्यांची पावलंसुद्धा ऐकू येतील.

पन्नास फ्लॅटची एक इमारत अशा गावात नकोच. जुन्या धान्यकोठारांएवढ्या आकाराच्या तीन-चार इमारती, प्रत्येकीत चार-पाच बिऱ्हाडं आणि दार थेट गल्लीत, हे मला पटतं.

कायद्याचीही एक बाजू आहे. 2012 च्या सार्वमतानंतर स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीची घरं 20 टक्क्यांहून जास्त असलेल्या गावात तशी नवी घरं बांधण्यावर कडक बंधनं आली. पण त्याआधीची जुनी घरं यातून सुटली. ती आजही सुट्टीसाठी विकता येतात, त्यामुळे पैसेवाल्या गिऱ्हाइकांची नजर नेमकी गावाच्या मधल्या जुन्या घरांवर जाते. म्हणून निधी मर्यादित असेल तर मी आधी चौकातलं एखादं रिकामं घर सहकारी संस्थेच्या नावावर घ्यायला लावेन, दुरुस्त करून स्थानिक कुटुंबांना भाड्याने देईन, आणि नवं बांधकाम त्यानंतर काढेन.