वाचकांचे प्रश्न : ज्युरीतले मौन किती दिवस?

प्रश्न : मी लेस्टरमध्ये राहते, पासपोर्ट मात्र भारतीय आहे. गेल्या हिवाळ्यात ज्युरीचे समन्स आले आणि एका क्रूर हल्ल्याच्या खटल्यात मी दोन आठवडे बसले. पुराव्यातली छायाचित्रे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. ‘कोणाशीही बोलायचे नाही’ असे बजावल्यामुळे मी पतींनाही काही सांगितलेले नाही. हे मौन जन्मभर पाळायचे का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आणि हे निकालाच्या दिवशीच कोणीतरी आपल्याला शांतपणे समजावून सांगायला हवे होते. इंग्लंडच्या कायद्याने कायम गुप्त राहते ती ज्युरीच्या खोलीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत, झालेली चर्चा आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले ही माहिती. ती फोडणे गुन्हा आहे. खुल्या न्यायालयात आलेल्या साक्षी, ती छायाचित्रे आणि त्यांनी आपली उडवलेली झोप यांविषयी मात्र, खटला संपल्यावर, आपण पतींशी आणि डॉक्टरांशी बोलू शकता. पीडित व्यक्तीची ओळख गुप्त ठेवायची असेल, तर तेवढे नाव टाळावे.

भारतासारख्या राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक मतदारयादीत असेल आणि पाच वर्षे तेथे राहिलेला असेल, तर त्यालाही हे समन्स येऊ शकते. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरी संपवली, त्यामुळे आपल्या घरात याविषयी विचारावे असे अनुभवी माणूस बहुधा नसतेच.

पण पुष्कळदा मनाला लागते ते छायाचित्रांपेक्षा त्या बंद खोलीतले काही : आपले म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही, किंवा दिलेले मत बरोबर होते का, ही टोचणी. इंग्लंडप्रमाणे कॅनडातही हे समुपदेशकापाशी बोलण्याची मुभा नव्हती. २०२२ मध्ये तेथील फौजदारी संहितेत दुरुस्ती झाली आणि उपचार करणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञापाशी चर्चेतला तपशीलही सांगता येऊ लागला. ऑन्टारिओ प्रांत तर २०१७ पासून ज्युरीसदस्यांना मोफत समुपदेशन देतो. इंग्लंडनेही ही वाट धरावी, असे माझे ठाम मत आहे. ज्याला कायद्याने बोलावून घेतले, त्याच्या उपचारांच्या आड त्याच कायद्याने येऊ नये.

तूर्त आपण जीपीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घ्या, ज्युरीत बसल्यापासून झोप येत नाही हे प्रथमच सांगा, आणि आज संध्याकाळी पतींशी बोला.