रुग्णालयाचं वीजबिल कमी करायला सुरुवात कुठून करावी?

एलईडी दिवे लावून टाका, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. खरी वीज खाते ती हवा. ऑपरेशन थिएटरमधली हवा तासाला साधारण २० वेळा बदलावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी रात्री थिएटर रिकामं असतानाही एएचयूचा (हवा गाळून, थंड करून आत सोडणाऱ्या यंत्राचा) पंखा त्याच जोरात फिरत असतो. त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा आणि रिकाम्या वेळी वेग उतरवा. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तरी वीज जवळपास निम्म्यावर येते. पूर्ण बंद मात्र करू नका. थिएटरमधला दाब कॉरिडॉरपेक्षा जास्तच राहिला पाहिजे, नाहीतर धूळ आणि जंतू आत खेचले जातात. भिंतीवरच्या दाबमापकाचा काटा बघत बघतच वेग ठरवा, तेही संसर्ग नियंत्रण समितीला विचारून. (हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या आयसोलेशन खोलीत गणित उलटं असतं, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, तिथे हात लावू नका.)

दुसरं, निर्जंतुकीकरण विभागातले स्टीम ट्रॅप (वाफेच्या नळीतलं साचलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, पण वाफ अडवणाऱ्या झडपा) तपासा. एखादा उघडाच अडकला की वाफ आणि ती तयार करायला लागलेली ऊर्जा नुसती वाया जाते आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. सोलरचा विचार हे सगळं झाल्यावर करा, म्हणजे पॅनल कमी लागतील.