एकतर्फी हुकूमनामा झाला म्हणजे केस संपली का?

प्रश्न : गावाकडच्या जमिनीच्या हद्दीवरून चुलत्यांनी आईवर दिवाणी दावा लावला होता. आम्ही पुण्यात असतो, समन्स गावच्या बंद घराच्या दाराला चिकटवलं म्हणे. आता तलाठ्याकडे गेलो तेव्हा कळलं की एकतर्फी निकाल लागलाय. आता काहीच करता येणार नाही का?

उत्तर : येतं, नक्की येतं, पण वेळ घालवू नका. प्रतिवादी हजर झाला नाही की कोर्ट आधी 'दावा एकतर्फी चालवा' असा आदेश करतं आणि मग वादीचा पुरावा घेऊन हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, करतं. ह्या दोन गोष्टी लोक फार मिसळतात, म्हणून आधी नेमकं काय झालंय ते ई-कोर्ट्सच्या साइटवर बघा. नुसता आदेश असेल तर हजर होऊन सबळ कारण सांगितलं की कोर्ट पुन्हा म्हणणं मांडू देऊ शकतं. आणि समोरचा आला नाही म्हणून वादीला मागेल ते मिळतं असं नाही, त्याला दावा सिद्ध करावाच लागतो, पण उलटतपासणी घ्यायलाच कोणी नसतं ना, तिथे सगळं नुकसान होतं.

हुकूमनामा झाला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधल्या ऑर्डर ९ नियम १३ खाली त्याच कोर्टात रद्द करायचा अर्ज द्या. समन्स नीट बजावलं नाही किंवा न येण्याला पुरेसं कारण होतं, यातलं एक दाखवावं लागतं. मुदत ३० दिवसांची, हुकूमनाम्याच्या तारखेपासून, पण समन्स नीट बजावलंच नसेल तर तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. म्हणून तलाठ्याकडे कधी गेलात त्याचा काही कागद असेल तर जपून ठेवा. मुदत गेली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडतात.

एक गोष्ट वकिलांपासून अजिबात लपवू नका, ती म्हणजे तारखेची खबर आईला आधी कुणाकडून लागली होती का, कारण तारीख वेळेत माहीत होती असं कोर्टाला पटलं तर फक्त बजावणीतल्या चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही. चुलत्यांनी अंमलबजावणीची दरखास्त लावली असेल तर स्थगितीही लगेच मागा.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, अर्ज आईच्या नावाने करा.