व्हायरल न्यूमोनियातून उठलेल्या सासऱ्यांचा गाल बधिर आहे, पण काळं काहीच दिसत नाही. तरी ‘काळी बुरशी’ असू शकते का?

असू शकते. उद्यावर टाकू नका. आज ओपीडीची वेळ टळली असेल तर कॅज्युअल्टीत जा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. उरलेलं उत्तर रिक्षात वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय ते असं: सासऱ्यांना बारा वर्षांपासून शुगर, व्हायरल न्यूमोनियात आठवडाभर ऑक्सिजनवर होते, स्टिरॉइड दिलं होतं, घरी येऊन दहा दिवस झाले. आता उजवा गाल बधिर, त्याच बाजूची वरची दाढ हलते, नाकाचीही तीच बाजू चोंदलेली. आणि शेवटी, ‘पण काळं काही दिसत नाही, म्हणून चार दिवस थांबून बघावं म्हणतोय.’ या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २०२१ च्या मे-जूनमध्ये आमच्या टेबलावर दुसरं काही नव्हतंच म्हणा. सँपल यायचं, फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात ‘पोस्ट-कोविड, ?म्युकर’ लिहिलेलं असायचं (म्युकर म्हणजेच तुमची ‘काळी बुरशी’), आणि दाराबाहेर कुणाचा तरी मुलगा नाहीतर जावई उभा असायचा.

त्या सँपलचं आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे काळ्या रंगाचा घोळ सुटेल. नाकाच्या आतून काढलेला तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो, कधी त्याहून लहान. तो काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि पंधरा-वीस मिनिटं हात बांधून बसायचं. आमच्या भाषेत ‘केओएच’. त्या क्षारात माणसाच्या पेशी विरघळतात. बुरशीची भिंत चिवट, ती टिकते. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात रुंद, रिबिनीसारखे, मधूनच दुमडलेले धागे. त्यांच्यात आडवे पडदे जवळजवळ नसतात आणि फाटे बहुधा काटकोनात फुटतात. रंग? काही नाही. काचेसारखे पारदर्शक. इतक्या काचपट्ट्या बघितल्या, म्युकरचा एकही धागा काळा बघितला नाही.

मग काळं काय असतं? मेलेलं मांस. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. शेताला पाणी नेणारा पाट मध्येच बुजला की पुढचे वाफे वाळतात, तसं. आधी ती जागा पांढुरकी, फिकट पडते आणि मग काळी. म्हणजे टाळूवर किंवा नाकात काळा डाग दिसेपर्यंत बुरशीचं बरंच काम होऊन गेलेलं असतं. तुम्ही ज्या खुणेची वाट बघताय ती उशिराची खूण आहे.

लवकरच्या खुणा तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहिल्या आहेत. सगळं एकाच बाजूला असणं ही पहिली. सर्दी दोन्ही नाकपुड्या धरते, ही बहुधा एक बाजू धरते. गालाचा बधिरपणा ही दुसरी, कारण गालाला संवेदना देणारी नस डोळ्याखालच्या हाडातून, सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीला, अगदी खेटून जाते. हलणारी दाढ ही तिसरी. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाशीच असतात. त्या काळात कितीतरी जण आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, दाढ काढून आले, आणि जखम भरेना तेव्हा कुणाला तरी शंका आली. चांगल्या डेंटिस्टांनी त्या दोन महिन्यांत किती डोळे वाचवले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, डोळ्याभोवती सूज हे पुढचं. त्यातलं काही आताच दिसत असेल तर हे वाचणंही थांबवा आणि निघा.

तिथे गेल्यावर नाकात दुर्बीण घालून बघतील. लागलं तर एमआरआय सांगतील, कारण डोळ्याकडे किंवा मेंदूकडे पसरलंय का ते त्यात नीट कळतं. आणि शंका आली तर तुकडा काढतील. इथे एक घरचा सल्ला: दोन बाटल्या. एक फॉर्मलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची, ती पॅथॉलॉजीला. दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची, ती आम्हाला. एकदा एक मुलगा तालुक्याच्या गावाहून बाटली मांडीवर धरून एसटीने आला. बाटलीत सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवलेला. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग ती कल्चरला, म्हणजे प्लेटमध्ये, वाढवायची कुठून? त्याला तसं सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. वडिलांच्या नाकातून पुन्हा तुकडा घ्यावा लागला. बाटली भरून देणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मुलाला विचारायचं सुचलं नव्हतं. तुम्हाला सुचावं म्हणून लिहिलं.

आमच्याकडूनही चूक होऊ शकते, तेही सांगतो. बाकी बऱ्याच सँपलमध्ये तुकडा चटणीसारखा वाटून घेतात. हा वाटायचा नसतो, बारीक चिरायचा. पडदे नसलेले धागे पाइपासारखे असतात, वाटले की फुटतात आणि कल्चर उगवत नाही. नीट लावलं तर मात्र दोन-तीन दिवसांत कापूस पिंजून भरावा तशी प्लेट झाकणापर्यंत भरते. बहुतेक वेळा ती रायझोपस निघते, शिळ्या पावावरच्या बुरशीची सख्खी बहीण. आणि एक लक्षात ठेवा: रक्तातून बुरशी शोधण्याच्या ज्या नेहमीच्या दोन चाचण्या आहेत, गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन, त्यांत म्युकर सापडत नाही. ‘रक्ताचा फंगस रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ एवढ्यावर कुणी परत पाठवू लागलं तर नाकातल्या दुर्बिणीचा आग्रह धरा. पहिला केओएच निगेटिव्ह आला आणि लक्षणं तशीच राहिली, तर तो पुन्हाही करतात.

आता हे आजारातून उठलेल्यांनाच का होतं? या बुरशीचे बीजाणू मातीत, हवेत, सडलेल्या पानांत सगळीकडे असतात. तुमच्या-माझ्या नाकात रोज जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. शुगर चढलेली असली की या पेशी मंदावतात. स्टिरॉइडने आणखी मंदावतात, आणि स्टिरॉइड शुगरही चढवतं. रक्त आम्लाकडे झुकलं, म्हणजे कीटोॲसिडोसिस झाला, की प्रथिनाला बांधलेलं लोह सुटं होतं आणि या बुरशीला लोह म्हणजे मेजवानी. कोविडने यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करून भर घातली. फ्लूच्या गंभीर रुग्णांनाही बुरशी गाठते, तिथे बहुधा ॲस्परजिलस नावाची दुसरी बुरशी असते आणि फुप्फुसात. हे कोविडच्या आधीपासून माहीत होतं.

भारतात म्युकर नवी नव्हती. कोविडच्या आधीही दर दहा लाखांत १४० रुग्णांचा अंदाज दिला जायचा, जगाच्या मानाने सत्तर-ऐंशी पट. कारण उघड आहे, ताब्यात नसलेली शुगर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते सगळं एकदम वर आलं. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितलं, आणि जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि ४,३०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले. सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात, नऊ हजारांवर.

त्यात अफवा. फ्रिजमधल्या कांद्यावरचा काळा थर म्हणजे हीच बुरशी, असा मेसेज फिरला आणि माझ्या आईने घरातले दोन किलो कांदे उकिरड्यावर फेकले. तो काळा थर ॲस्परजिलसचा असतो, कांदा धुऊन खुशाल चिरा. मग टीव्हीवाल्यांनी पांढरी बुरशी आणली, पिवळी आणली, रंगपंचमीच ती. म्युकर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. सासऱ्यांचं ताट-वाटी वेगळं करू नका.

स्टिरॉइडवरून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने वाचतात हे २०२० मध्येच इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. डोस होता दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजन न लागलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवरून पहिल्या दिवसापासून, दुप्पट डोसने, तीन-तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या गेल्या. तुमच्याकडे अजून गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, एकदम तोडणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांना किती दिवस झाले ते सांगा. आणि शुगर जेवणानंतरची तपासा. सकाळी घेतलेली स्टिरॉइडची गोळी दुपारी-संध्याकाळी शुगर चढवते. उपाशीपोटीचा आकडा ११० आला म्हणून निश्चिंत राहिलेले लोक मी बघितलेत, त्यांची संध्याकाळची शुगर चारशेला टेकलेली असायची.

निदान झालंच तर औषध अँफोटेरिसिन-बी. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यावर चालत नाहीत, तेव्हा कुणी ‘फंगसची गोळी’ देऊन घरी पाठवलं तर कोणती ते विचारा. लिपोसोमल अँफोचा, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेल्या अँफोटेरिसिनचा, डोस साधारण वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३००, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या, आणि हे काही आठवडे. २०२१ मध्ये एक बाटली सात हजारांच्या आसपास होती, आता सहाने गुणा. मिळत तर नव्हतीच. त्या मे महिन्याच्या शेवटी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने बाराशे रुपयांना ती बनवायची जाहीर केली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये अनोळखी माणसांनी एकमेकांना चहा पाजला होता. जूनमध्ये तिच्यावरचा जीएसटीही काढला. साधं अँफो स्वस्त, पण त्याने थंडी वाजून ताप भरतो, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं. रोज रक्त काढतात म्हणून सासरे कुरकुरतील, काढू द्या.

नुसत्या औषधाने सहसा भागत नाही. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग रक्तातून दिलेलं औषध तिथे पोचणार कसं? म्हणून तो भाग खरवडून काढावा लागतो. लवकर सापडलं तर दुर्बिणीतून सायनस साफ करण्यावर निभावतं. उशीर झाला तर टाळू, जबडा, डोळा. टाळू गेलेल्यांना दंतविभागात कवळीसारखा झाकणाचा तुकडा बसवून देतात, त्यानंतर पाणी नाकातून यायचं थांबतं. आमच्या कॉरिडॉरमध्ये एक काका तो बसवून आल्यावर पहिला घोट कटिंग चहाचा घेत होते, बायको नाकाखाली रुमाल धरून उभी.

कदाचित तुमच्याकडे नुसती हिरडी सुजलेली निघेल किंवा साधं सायनस. आमच्याकडे येणाऱ्या ‘?म्युकर’ फॉर्मपैकी बरेच निगेटिव्हच जातात. जाताना डिस्चार्ज कार्ड, स्टिरॉइडची रिकामी पाकिटं आणि शुगरची वही घ्या. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर रेशनकार्ड आणि आधारही, महात्मा फुले योजनेसाठी लागतं. काय निघालं ते खाली कमेंटमध्ये कळवा.