हमीभावाचा हिशोब पाइपात नको

पोरी,

काटा, खरेदी, गोदाम, हिशोब आणि बँक, जिनिंगच्या या पाच सिस्टिम जोडायच्या म्हणून तुमच्यात दोन गट पडलेत. एकाला मधे ईएसबी हवा, म्हणजे सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे नेणारी एकच मधली सिस्टिम. दुसऱ्याला थेट रेस्ट, म्हणजे एका सिस्टिमनं दुसरीला वेबवरून सरळ विचारायचं. वाद करा, पण तो नको त्या जागी अडकलाय असं मला वाटतं.

ईएसबीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. पाच सिस्टिम थेट एकमेकींशी जोडल्या तर १० जोडण्या होतात, दहा जोडल्या तर ४५. धोका वेगळाच आहे, तो म्हणजे सोयीसोयीनं सगळं मधेच जाऊन बसतं. ओलाव्याचंच घे. ८ टक्क्यांपर्यंत सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) पूर्ण हमीभाव देते, ८ ते १२ असेल तर कपात करते, १२च्या वर कापूस घेतच नाही. ही कपात घाईच्या दिवशी कोणीतरी ईएसबीच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे एका सिस्टिमची माहिती दुसरीच्या साच्यात बसवायच्या नियमांत, लिहून टाकतो. पुढे शेतकरी विचारायला येतो, चुकारा कमी कसा आला? आणि खरेदीचा कोड कितीही चाळला तरी उत्तर सापडत नाही. कपात खरेदीच्या सेवेतच राहू दे, मधल्यानं फक्त निरोप पोचवावा. २०१४ मध्ये मायक्रोसर्व्हिसेसवर, म्हणजे एक मोठी सिस्टिम लहान स्वतंत्र सेवांत बांधायच्या पद्धतीवर, लिहिताना जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनीही हेच मांडलं होतं: अक्कल टोकांच्या सेवांना, मधला पाइप साधा.

आता रेस्टवाल्यांना विचार, काट्यावरची लाइन गेली तर? काट्यानं पावती पाठवली आणि उत्तर यायच्या आत नेट बंद. नोंद झाली की नाही, काट्याला कळायला मार्ग नाही. तो पुन्हा पाठवणार, आणि पाठवायलाच हवी. म्हणून पावतीला नंबर काट्यावरच पडू दे. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर खरेदीनं नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. एवढं नसेल तर एकाच गाडीचा चुकारा दोनदा निघेल, मग रेस्ट असो की सोप ही जोडणीची जुनी पद्धत. मी तर काट्यापासून खरेदीपर्यंत मेसेज क्यूच लावीन, लाइन येईपर्यंत पावत्या रांगेत थांबतील. भाव विचारायला मात्र थेट कॉल बरा, शेतकरी समोर उभा असतो.

पुढच्या बैठकीआधी दोन्ही गटांना एकच काम दे. प्रत्येक जोडणीसमोर लिहायचं, समोरची सिस्टिम दोन तास बंद पडली तर काय होईल, आणि ते कोणाला कळेल. बँकेची ओळ आधी भरा, तिथे पैसा अडकतो. भरलेला कागद मला पाठव.

तुझा काका