मुलगा पिचर व्हायचं म्हणतोय, बाबा इंजिनिअरिंग म्हणतायत

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं की मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा), शिवाय उन्हाळ्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रॅव्हल टीमकडून (शाळेबाहेरची, गावोगावी जाऊन खेळणारी टीम) खेळतो, फास्टबॉल ताशी ८५ मैलांपर्यंत जातो. ट्रॅव्हलचे कोच म्हणतात पोरात दम आहे, हिवाळ्यात स्पीड वाढवायचा प्रोग्राम लावा, मग शोकेसला (कॉलेजांचे कोच मुलांचा खेळ बघायला येतात तिथे) न्या. मिस्टर म्हणतात हे सगळं बंद, इंजिनिअरिंगचं बघा. मुलगा म्हणतो बारावीनंतर ड्राफ्ट झालो (म्हणजे प्रोफेशनल टीमने निवडलं) तर कॉलेजला जाणारच नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ, "महिनाभर त्याचं कोपर आतल्या बाजूने दुखतंय, पण म्हणाला बाबांना सांगू नकोस."

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे प्रश्न तिच्यानंतरचे आहेत. आजपासून बॉल टाकणं बंद. बर्फ लावून, गोळी घेऊन शनिवारची मॅच खेळायची नाही, आणि याच आठवड्यात खेळाडूंचे कोपर-खांदे बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा. सोळाव्या वर्षी हाडं अजून वाढत असू शकतात, त्यामुळे दुखणं हाडाचं आहे की लिगामेंटचं (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याचं) हे तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, कोच तर नाहीच नाही.

मिस्टर क्रिकेट बघत मोठे झालेत असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना असं सांगा. आपल्या बॉलरने टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ केलं तर तो थ्रो, नो-बॉल. पिचरचं सगळं उलट, तो कोपर वाकवूनच हात मागे नेतो आणि झटक्यात पुढे आणतो, आणि त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या लिगामेंटवर येतो, तेही प्रत्येक बॉलला. ते लिगामेंट फाटलं की जे ऑपरेशन करतात ते टॉमी जॉन सर्जरी. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ते पहिल्यांदा केलं आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ मॅच जिंकल्या, म्हणून लोकांना वाटतं ऑपरेशन केलं की हात नवा होऊन येतो. तसं नसतं हो. परत मॅचमध्ये उतरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं आणि काहींचा हात पुन्हा पहिल्यासारखा होतच नाही.

आता हिशोबाचं. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली सगळ्यात वरची प्रोफेशनल लीग) आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांनी मिळून मुलांसाठी पिच स्मार्ट नावाचे नियम काढलेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ च्या वर पिच (म्हणजे बॉल) टाकायचे नाहीत, ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस विश्रांती, आणि वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. तुमच्याकडे अडचण अशी दिसतेय की शाळेचे कोच शाळेचे पिच मोजतात, ट्रॅव्हलवाले त्यांचे मोजतात, आणि दोन्हीची बेरीज कोणीच करत नाही. ती तुम्ही करा, साधी वही घ्या, तारीख आणि आकडा, बस. आणि हिवाळ्यातला स्पीडचा प्रोग्राम या वर्षी नको, डॉक्टरांनी हात ठीक आहे म्हटलं तरी नको, मी याबाबत ठाम आहे. पिचरच्या दुखापती इतक्या का वाढल्या यावर मेजर लीगने स्वतःच डिसेंबर २०२४ मध्ये रिपोर्ट काढला, त्यातही स्पीडच्या मागे लागणं आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकणं याकडेच बोट दाखवलंय.

आता ड्राफ्ट की कॉलेज. मुलाशी बोलताना पिचर कुमार रॉकरचं उदाहरण काढा, त्याला नाव माहीत असणारच. कुमारच्या आईकडचे आजी-आजोबा भारतातून अमेरिकेत गेलेले. २०१८ मध्ये हायस्कूल संपताना त्याला मेजर लीगच्या कोलोराडो रॉकीज टीमने ड्राफ्टच्या ३८ व्या राऊंडला निवडलं होतं, तो गेला नाही, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीला गेला, आणि २०१९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) घेऊन नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. २०२१ ला न्यू यॉर्क मेट्सने त्याला दहाव्या नंबरवर निवडलं, पण मेडिकल बघून सहीच केली नाही. विचार करा त्या पोराचं काय झालं असेल. खांद्याचं छोटं ऑपरेशन झालं, एका इंडिपेंडंट टीमकडून (कुठल्याही मेजर लीग टीमशी न जोडलेली) खेळला, मग २०२२ ला टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या नंबरवर घेतलं, २०२३ ला टॉमी जॉन, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एकदाचा मेजर लीगमध्ये उतरला. मला यातली नो-हिटरपेक्षा मेट्सची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, एवढं टॅलेंट असूनसुद्धा पैसे देताना टीमने आधी हात तपासला. तुमच्या मुलाचाही तपासतील, आणि आज लपवलेलं दुखणं तेव्हा एमआरआयमध्ये दिसेल.

नियम असा आहे की चार वर्षांच्या कॉलेजला गेलं की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षं होईपर्यंत ड्राफ्ट नाही, मग पुन्हा दार उघडतं. म्हणजे कॉलेजला गेल्याने बेसबॉल संपत नाही, उलट शरीर भरायला तीन वर्षं मिळतात. ड्राफ्ट आता फक्त २० राऊंडचा आहे आणि निवड झाली तरी पुढे मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या लीग) पायऱ्या असतात, रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२३ च्या करारात सिंगल-एला वर्षाला किमान २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर ठरले, वर मेजर लीगमध्ये मात्र २०२६ चा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर. न्यू जर्सीत राहून २६ हजारात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे खरंच हायस्कूलमधून ऑफर आली तर साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) किती आणि कॉलेजच्या खर्चाची रक्कम करारात लेखी आहे का, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय सही नाही.

मिस्टरांसाठी एक नाव देतो, ख्रिस यंग. तुमच्या राज्यातल्याच प्रिन्स्टनचा पिचर, २००० मध्ये ड्राफ्ट झाला, मायनर लीगमध्ये खेळताखेळता डिग्री पूर्ण केली, २०१५ ला कॅन्सस सिटीकडून वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकला, आणि कुमार रॉकरला घेतलं तेव्हा रेंजर्सचा जनरल मॅनेजर हाच होता. इंजिनिअरिंग आणि बेसबॉल दोन्ही असलेलं कॉलेजही तुमच्या जवळ आहे, एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये खेळतात. फक्त पूर्ण फी माफ होईल असं धरून चालू नका, बेसबॉलमध्ये बऱ्याचदा स्कॉलरशिप थोडीथोडीच मिळते, त्यामुळे त्याचे मार्क्स हीसुद्धा पैशाचीच गोष्ट आहे. शोकेसवर खर्च करायचाच तर पुढच्या उन्हाळ्यात, एक किंवा दोन, आणि ज्या कॉलेजांचे कोच येणार आहेत तिथे त्याला खरंच शिकायला आवडेल अशाच ठिकाणी.

आणि बाबांना सांगायचं ते मुलानेच सांगू दे, तुम्ही शेजारी बसा. त्याला भीती ही आहे की दुखतंय म्हटलं की बाबा खेळच बंद करतील, म्हणून मिस्टरांशी आधी तुम्ही बोला, त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घ्या की डॉक्टरांचा रिपोर्ट येईपर्यंत ते इंजिनिअरिंगचा विषय काढणार नाहीत. रिपोर्ट आला की मला कळवा, आणि या सीझनला दोन्ही टीमकडून मिळून त्याने अंदाजे किती पिच टाकले तेही त्यालाच विचारून लिहा.