बेळगावच्या टिळकवाडीत घरामागं लाकडी डेक स्वतः बांधता येईल का? इथला पावसाळा झेपेल का?

येईल. 10 बाय 12 फुटांचा, फूट-दीड फूट उंचीचा, कठडा नसलेला डेक घरच्या घरी होतो. ड्रिल, करवत, गुण्या, लेव्हल पाईप आणि मदतीला एक माणूस, बास.

फक्त यूट्यूबवरचे अमेरिकेतले व्हिडिओ बघून तसंच करायला जाऊ नका. थंड भागात ते लोक खांबासाठी तीन-चार फूट खणतात, कारण तिकडं जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पाया वर उचलतं. आपल्याकडं तो प्रश्नच नाही. तांबडी माती असेल तर दीड फूट खड्डा, तळाला खडी आणि वर काँक्रीट पुरतं. माती काळी असेल तर मात्र मुरूम लागेपर्यंत खणा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

वरनं पडणाऱ्या पावसापेक्षा खालच्या ओलीची आणि वाळवीची भीती जास्त. लाकूड कुठंही मातीला टेकू देऊ नका. काँक्रीटचे खांब जमिनीवर चार-सहा इंच उघडे ठेवा आणि त्यावर जी.आय.च्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीत लाकूड बसवा. वाळवी चढलीच तर त्या उघड्या भागावर तिची मातीची नळी दिसते, वेळीच मोडता येते. डेकखालची जमीन घरापासून बाहेर उतरती करून घ्या, पाणी तुंबायला नको.

लाकूड सागवानच हवं असं काही नाही. मत्ती (म्हणजे ऐनाचं लाकूड) सुद्धा चालते, फक्त उन्हात तडकते. साग घेतलात तर पांढरा भाग नको; सागाला वाळवी लागत नाही हे गाभ्यापुरतंच खरं. माझं मत विचाराल तर जुनं लाकूड शोधा. कौलारू घरं पाडून स्लॅब टाकणं सगळीकडं चाललंय, त्यातल्या तुळया-वासे चांगले मुरलेले असतात. मिलवर कापायला न्यायच्या आधी खिळे तेवढे उपटा, नाहीतर पातं जाईल आणि मिलवाल्याच्या शिव्या खाव्या लागतील. आणि शेतातला साग कुणी स्वस्तात देतो म्हणाला, तर वनखात्याचा कागद बघितल्याशिवाय घरी आणू नका.

आडव्या वाशांत मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंच अंतर, वर इंचभर जाडीच्या फळ्या. फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवाच. एप्रिल-मे महिन्यात काम केलं तर लाकूड कोरडं ठणठणीत असतं, पावसात ते फुगणार. आधी भोक पाडून मगच स्टेनलेस स्क्रू मारा. साधा खिळा गंजतो आणि मत्तीवर काळे डाग पाडतो.

कापलेल्या टोकांनाच पाणी जास्त मुरतं, तिथं तेलाचे दोन हात जादा द्या. खालच्या, न दिसणाऱ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल उत्तम. हातमोजे घालूनच लावा, कातडीवर फोड येतात. वरच्या फळ्यांना जवसाचं तेल, दरवर्षी मिरगाच्या आधी.

कडेनं जाळी मारा, नाहीतर खाली घुशी राहायला येतात आणि त्यांच्या मागनं साप. एक फळी स्क्रू काढून उचलता येईल अशी ठेवा, म्हणजे बॅटरी मारून आत बघता येतं.